पार्किंगमध्ये उत्तम लागणारा ब्रेक

घाटाच्या उतारावर निकामी झालेला ब्रेक सर्व्हिस सेंटरच्या दारात पोहोचेपर्यंत थंड होऊन शहाण्यासारखा वागू लागतो आणि मग तक्रार करणाऱ्यालाच वेड्यात काढले जाते, या प्रकाराचा मला मनस्वी संताप आला आहे.

गेल्या महिन्यात मी आणि धाकटा भाऊ महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. मोटारसायकल दीडशे सीसीची, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. कुंभरोशी मागे पडल्यावर काही वळणांतच पुढच्या ब्रेकची हातातली लिव्हर मऊ लागू लागली आणि एका वळणावर ती सरळ मुठीला येऊन टेकली. मागचे पेडल दाबले तर तेही नेहमीपेक्षा खाली गेले आणि गाडीचा वेग जेमतेम उतरला. भराभर गिअर उतरवत, डोंगराकडच्या मातीत चाक घालून मी गाडी कशीबशी थांबवली. ब्रेकच्या जळक्या लायनरचा (घासणाऱ्या पट्टीचा) वास येत होता आणि डिस्कजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने लिव्हर पुन्हा घट्ट, जणू काही घडलेच नाही!

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरमधल्या साहेबांनी गाडी पार्किंगमध्ये दोन चकरा फिरवली आणि "ब्रेक तर मस्त लागतोय, शिवाय एबीएस आहे," असे सांगून मला वाटेला लावले. चाक जाम होऊ न देणे हे एबीएसचे काम आहे. लिव्हर दाबूनही दाब पोहोचतच नसेल, तर एबीएस काय करणार? आणि पार्किंगमध्ये ब्रेक तापणार तरी कसा? गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३०० किलो वजन १,२०० मीटर खाली आणायचे, तर सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत दहा लिटर पाणी सहज उकळते. त्यातली थोडी हवेत आणि इंजिनात जाते. उरलेली मी मूर्खासारखी ब्रेकच्या माथी मारली होती, कारण चौथ्या गिअरमध्ये पेडलवर पाय ठेवूनच मी उतरत होतो. ही चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने तो उतरायचा, म्हणजे वेग इंजिनच आवरते, हे एसटीच्या चालकाला पक्के ठाऊक असते. मला मात्र गाडी ताब्यात देताना सीट कव्हर, पॉलिश आणि वाढीव वॉरंटी यांवर अर्धा तास व्याख्यान मिळाले, ब्रेकवर एक वाक्यही नाही. (उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला देणारे शेजारी तर वेगळेच.)

पण खरा राग ब्रेक ऑइलचा आहे. लिव्हरचा दाब चाकापर्यंत नेणारे हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे; पाणी मुरल्यावर तोच १५५ अंशांवर येतो. डिस्कला चिमटीत धरणाऱ्या तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलण्याऐवजी ती वाफ दाबत बसते. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो, म्हणूनच पार्किंगमध्ये सगळे मस्त! म्हणून तर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. माझ्या मागच्या बिलात "ब्रेक ऑइल बदलले" अशी ओळ होती आणि तिचे पैसे मी भरले होते. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या काचेतून मात्र कोऱ्या चहासारखा काळपट द्रव दिसत होता. तो दाखवल्यावर साहेब म्हणाले, "टॉप-अप केलं असेल." जुन्या ऑइलवर चार थेंब नवे टाकले की मुरलेले पाणी निघून जाते, असे यांना कोणी शिकवले?

यावर त्यांचे शेवटचे उत्तर होते, "तुम्ही ब्रेक जरा जास्तच मारता." मी म्हटले, मागे बसा, आत्ता घाटात जाऊन बघू. त्यांना वेळ नव्हता. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकसमोर उभे राहून जुने ऑइल पूर्ण काढवले, नवे भरून हवा काढून घेतली आणि एकाच कामाचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.