व्हिसा लागत नाही, पण परतीचे तिकीट लागते: हे तिकीट विकतानाच सांगितले पाहिजे

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने त्याच वर्षी १ डिसेंबरपासून भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून दादरच्या आमच्या तिकीट कार्यालयात येणाऱ्या लोकांचा प्रश्नच बदलून गेला आहे. पूर्वी खुर्चीवर बसता बसता लोक विचारत, "व्हिसा मिळेल ना?" आता विचारतात, "फक्त जायचं तिकीट काढलं तर चालेल ना? परतीचं तिथे गेल्यावर बघू." या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की बहुतेक वेळा चालून जाते, आणि ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी माणूस मध्यरात्री सहारच्या विमानतळावर सामानासकट अडकतो. माझे स्पष्ट मत आहे की ही अनिश्चितता प्रवाशाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्याने एकेरी तिकीट विकले, मग ती विमान कंपनी असो, मोबाइलवरचे ॲप असो की माझ्यासारखा एजंट, त्यानेच पैसे घेण्यापूर्वी ही अट प्रवाशाला लेखी सांगितली पाहिजे.

व्हिसा माफ झाला म्हणजे आधी अर्ज करण्याची गरज संपली, एवढेच होते. सीमेवरच्या अधिकाऱ्याचे प्रश्न आणि त्याचा नकार देण्याचा अधिकार दोन्ही जागच्या जागी राहतात. मलेशिया परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे यांची विचारणा करू शकतो. फिलिपिन्सने जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांसाठी व्हिसामुक्त प्रवेश दिला, तोही परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट असेल तरच. इंडोनेशियात विमानतळावर पैसे भरून व्हिसा मिळतो, पण तिथेही हीच अट आहे. यात आपल्याला कुणी मुद्दाम कमी लेखते आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण भारत सरकार ई-पर्यटक व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाकडून परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाची आणि पुरेशा पैशांची अपेक्षा अगदी याच पद्धतीने करते. नेपाळचा अपवाद सोडला, जिथे सोनौलीची कमान ओलांडताना आपल्याला कुणी तिकीट विचारत नाही, तर हा नियम जवळपास जगभरचा आहे.

प्रश्न नियम असण्याचा नाही, तो कुठे आणि कोण लागू करते याचा आहे. बँकॉकला पोहोचल्यावर तिथला अधिकारी परतीचे तिकीट क्वचितच मागतो, हे तिकडे जाऊन आलेले बरेच लोक सांगतील. ते मागितले जाते मुंबईत, चेक-इन काउंटरवर, आणि मागणारा माणूस कोणत्याही सरकारचा अधिकारी नसून विमान कंपनीचा कर्मचारी असतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, प्रवाशाकडे पुढच्या देशाला हवी असलेली कागदपत्रे आहेत की नाहीत याची काळजी विमान कंपनीने निघण्याच्या ठिकाणीच घ्यायची असते. प्रवेश नाकारला गेलाच, तर त्या माणसाला परत आणण्याची जबाबदारीही कंपनीवरच येते. त्यावर अनेक देश दंड लावतात. आपल्याकडेही २००० सालच्या वाहक-दायित्वाच्या कायद्यात योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी भारतात आणणाऱ्या कंपनीला एक लाख रुपये दंडाची तरतूद होती, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो विषय नव्या इमिग्रेशन कायद्यात समाविष्ट झाला आहे. त्यामुळे काउंटरवरची मुलगी समोरच्या पडद्यावर टिमॅटिक उघडते, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रवेश-नियमांची माहितीप्रणाली, आणि त्यात "परतीचे किंवा पुढचे तिकीट आवश्यक" असे दिसले की ते मागते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. चूक झाली तर जाब तिलाच विचारला जाणार असतो.

पण त्या ओळीचा अर्थ कसा लावायचा, तिथे खरा गोंधळ सुरू होतो. गेल्या वर्षी माझी भाची आणि तिची मैत्रीण बँकॉकला निघाल्या होत्या. बेत चांगला आखलेला होता. बँकॉकहून रेल्वेने दक्षिणेकडे जायचे, हाट याई पार करून पदांग बेसारला उतरायचे, जिथे थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांचे अधिकारी एकाच स्टेशनच्या इमारतीत बसतात, आणि तिथून दुसरी गाडी पकडून क्वालालंपूर. क्वालालंपूर ते मुंबई विमानाची पक्की तिकिटे दोघींनी काढून ठेवली होती, रेल्वेची तिकिटेही जवळ होती. तिकिटे त्यांनी स्वतःच मोबाइलवर घेतली होती आणि घेताना कुठेही कसलीही सूचना आली नव्हती. टर्मिनल २ वरून रात्री भाचीचा फोन आला, "मामा, हे म्हणतायत की तुमचं विमान मलेशियातून सुटतंय, थायलंडमधून बाहेर पडायचं तिकीट दाखवा." मी तिला रेल्वेचे तिकीट दाखवायला सांगितले. ते छापील कागदावर होते, त्यावर दोघींची नावे होती, तारीख थायलंडमधल्या परवानगीच्या मुदतीत बसत होती. कर्मचाऱ्याने ते पाहिले आणि सांगितले की विमानाचेच तिकीट हवे. पर्यवेक्षकाला बोलवा म्हटल्यावर बराच वेळ कुणी आले नाही. काउंटर बंद व्हायची वेळ जवळ येत चालली तेव्हा दोघींनी रांगेच्या कडेला, ट्रॉलीवर मोबाइल ठेवून, बँकॉक ते मुंबई अशी दोन तिकिटे काढली. ती वापरायची नव्हतीच. नंतर रद्द केल्यावर भाड्यातला बराच मोठा भाग कापला गेला.

या दोघींकडे पुढच्या प्रवासाचा पुरावा होता, नव्हता असे नाही. जमिनीवरून सीमा ओलांडणे हा पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे, आणि पुढचा प्रवास विमानानेच झाला पाहिजे असा त्यांना अडवणाऱ्याचा समज होता. तो समज कुठल्या नियमातून आला हे त्यांना कुणी दाखवले नाही, लेखी तर काहीच दिले नाही. शेजारच्या काउंटरवर कदाचित त्याच कागदांवर बोर्डिंग पास मिळाला असता. एकाच विमानातल्या दोन प्रवाशांना दोन वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात, हे मला या सगळ्यातले सर्वांत वाईट वाटते.

अशा अनुभवांतून डमी तिकिटांचा धंदा वाढला आहे. हजार-पंधराशे रुपये दिले की एखादे संकेतस्थळ तुमच्या नावाने दोन दिवसांसाठी जागा अडवून ठेवते. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, टाकला तर नाव दिसते, आणि मुदत संपली की आरक्षण आपोआप गळून पडते. रोज कुणीतरी आमच्याकडेही हे मागायला येते आणि मी नाही म्हणतो. पीएनआर सहा अक्षरांचा असतो आणि तो केवळ आरक्षण झाल्याचे सांगतो. पैसे भरून तिकीट निघाले की बहुतेक मोठ्या कंपन्यांत तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो, ज्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. जाणकार कर्मचारी तो तेरा आकडी क्रमांकच बघतो, आणि तो नसेल तर तुमचे पंधराशे रुपये गेलेच, शिवाय तुमच्या प्रत्येक पुढच्या उत्तराकडे तो संशयाने पाहू लागतो. याहून वाईट म्हणजे जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर तारीख आणि नाव बदलून दिलेला कागद. ते सरळसरळ बनावट दस्तऐवज दाखवणे आहे, आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर ते पकडले गेले तर प्रश्न सहल चुकण्यापुरता राहत नाही. ज्या एजंटने तो कागद दिला तो त्या वेळी फोन उचलत नाही.

देशांना हा पुरावा का हवा असतो, हेही आपण समजून घेतले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहहून निकाराग्वाला निघालेले, ३०३ प्रवासी असलेले विमान, ज्यांत बहुतेक भारतीय होते, फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर मानवी तस्करीच्या संशयावरून अडवले गेले, आणि त्यातले २७६ जण २६ डिसेंबरच्या पहाटे आपल्या मुंबईतच उतरले. व्हिसाशिवाय येऊन पुढे युरोपात शिरण्याचे प्रकार वाढल्यावर सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची सवलत बंद केली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली सवलत नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थगित केली, कारण नोकरीचे किंवा तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून भारतीयांना तिथे नेले जात होते आणि खंडणीसाठी त्यांचे अपहरण होत होते. आणि थायलंडच्या बाबतीत तर ही गोष्ट फार जवळची आहे. बँकॉकमध्ये व्हिसाशिवाय उतरलेल्या तरुणांना सीमेवरच्या माए सोत गावापर्यंत गाडीने नेऊन, मोई नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावडीच्या सायबर फसवणुकीच्या वसाहतींत कोंडले गेले. १० मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानाने त्यांपैकी २८३ जणांना परत आणावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक विमान पाठवावे लागले. म्हणून मुंबईतला इमिग्रेशन अधिकारी एकट्याने निघालेल्या मुलाला "तिकडे कुणी बोलावलं? परत कधी येणार?" असे विचारतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. ते विचारलेच पाहिजे.

मात्र परतीचे तिकीट या संकटाला रोखते, असे मला वाटत नाही. माणसे पळवणारा दलाल परतीचे तिकीट सर्वांत आधी काढून देतो, कारण काउंटरवर काय मागतात हे त्याला नेमके ठाऊक असते. एका तिकिटाची किंमत त्याच्या धंद्यात काहीच नाही. काउंटरला हवे तसे तिकीट नसते ते रेल्वेने पुढे जाऊ पाहणाऱ्या माझ्या भाचीसारख्यांकडे, मुलाच्या बाळंतीण बायकोला मदत करायला निघालेल्या आणि मुक्काम किती होईल हे आधी सांगता न येणाऱ्या आईकडे, किंवा पगाराच्या हिशेबात एका वेळी एकच तिकीट परवडणाऱ्या माणसाकडे. चौकशी करणारा अधिकारी दोन प्रश्नांत जे ओळखू शकतो ते तिकिटाच्या कागदावरून कळत नाही.

आता माझी मागणी. एकेरी आंतरराष्ट्रीय तिकीट काढताना साइट आपल्याकडून नाव, जन्मतारीख आणि बहुतेक वेळा राष्ट्रीयत्वही भरून घेते. कुठे जायचे आणि परतीचे तिकीट घेतले नाही, हेही तिला कळलेले असते. म्हणजे अट लागू होईल की नाही हे ठरवायला लागणारी सगळी माहिती पैसे भरण्यापूर्वीच तिच्याकडे जमा झालेली असते. जी माहितीप्रणाली काउंटरवर उघडली जाते तीच विक्रीच्या वेळी उघडायला कोणती तांत्रिक अडचण आहे? खिडकीची जागा, जेवण, विमा, जास्तीचे सामान यांसाठी तीन-तीन पाने मध्ये घालणाऱ्यांना एक ओळ दाखवता येत नाही, हे मला पटत नाही. ती ओळ आली तर माणूस रिटर्न तिकीट घेईल किंवा बेत बदलेल, पण ठरवील तो घरी बसून, शांतपणे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ च्या नियमांत चोवीस तासांच्या आत विनाशुल्क तिकीट रद्द करण्याची सोय दिली गेली, पण ती उड्डाण किमान सात दिवस दूर असेल तेव्हाची, म्हणजे काउंटरवर घाईत तिकीट घेणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. सोय उपयोगी पडायची असेल तर माहिती वेळेत मिळाली पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे याचा समावेश आहे, आणि महासंचालनालयाने विक्रीच्या वेळच्या सूचनेचा नियम केला नाही तर कधीतरी कुणी ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठावीलच.

दुसरे असे की अडवले तर कारण लेखी द्या. कोणता नियम, टिमॅटिकमधली कोणती ओळ, आणि प्रवाशाने दाखवलेले कोणते कागद अमान्य केले, एवढे चार ओळींत लिहून देणे कंपनीला जड नाही. लिहावे लागले की मनाचे नियम आपोआप कमी होतात. तिसऱ्या देशातून परतीचे पक्के विमान तिकीट आणि मधल्या सीमेचे रेल्वेचे किंवा बसचे नावानिशी तिकीट एकत्र दाखवणाऱ्याचा पुरावा मान्य करावा, अशी सूचनाही कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना द्यायला हवी.

हे सगळे होईपर्यंत, येत्या सुट्टीत निघणाऱ्यांनी एवढे करावे. शक्य असेल तर रिटर्नच काढा. परतीचे ठरत नसेल तर परतावा मिळणारे भाडे घ्या, पण घेण्यापूर्वी रद्द करण्याचे शुल्क किती आणि परतावा कार्डावर येणार की कंपनीच्या खात्यातच अडकणार, हे वाचा. रस्त्याने सीमा ओलांडणार असाल तर त्याच देशातून शेजारच्या देशात जाणारे स्वस्त विमान तिकीट काही हजारांत मिळते, ते गाठीशी ठेवल्याने वाद टळतो. सगळे कागद छापून न्या, काउंटर उघडतानाच पोहोचा म्हणजे पर्यवेक्षकाला बोलवायला वेळ मिळेल, आणि पडद्यावरची नेमकी ओळ वाचून दाखवायला सभ्यपणे पण ठामपणे सांगा.

आणि दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवलीच्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की सरकारी नियमाची वाट पाहू नका. आमच्या कार्यालयात प्रत्येक एकेरी तिकिटाच्या पावतीवर आम्ही पुढचे वाक्य छापतो आणि त्याखाली ग्राहकाची सही घेतो. तुम्हीही ते जसेच्या तसे वापरा: "या देशासाठी व्हिसा लागत नसला तरी परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे पक्के तिकीट मुंबई विमानतळावर मागितले जाऊ शकते, आणि ते नसल्यास विमान कंपनी बोर्डिंग पास नाकारू शकते, हे मला तिकीट घेण्यापूर्वी सांगण्यात आले आहे."