हेलिकॉप्टर नेमका कुठे तोडायचा?

परवा पुतणीने विचारलं, "काका, हेलिकॉप्टरमधल्या कॉप्टरचा अर्थ काय?"

म्हटलं, काहीच नाही. तू शब्द चुकीच्या जागी तोडलास. ग्रीकमध्ये हेलिक्स म्हणजे मळसूत्र आणि प्टेरॉन म्हणजे पंख. सांधा आहे तो हेलिको-प्टर असा. मळसूत्री पंख! तोच 'प्टर' टेरोडॅक्टिलमध्येही बसलाय, फक्त तिथे इंग्रजी जीभ 'प' गिळते. डॅक्टिल म्हणजे बोट. बोटावर पंख असलेला प्राणी.

'पीतांबर'चा विग्रह आपण शाळेतच घोकतो. इंग्रजी शब्द मात्र स्पेलिंगसकट अख्खा गिळायचा. फार तर टाळ्या वाजवत अवयव, म्हणजे सिलेबल, मोजायचे. उच्चार त्याने सुधारत असेल, पण अर्थ टाळीवर सापडत नाही.

आणि शब्दकोशात शब्दाच्या मधेमधे जे ठिपके असतात, ते अर्थासाठी नसतातच! ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल, एवढंच ते सांगतात. त्यातही दोन पंथ. 'नॉलेज' हा शब्द जुनी ब्रिटिश पद्धत डब्ल्यूनंतर तोडते, म्हणजे 'नो', जाणणे, वरच्या ओळीत शाबूत राहतं. अमेरिकन लोक उच्चाराच्या मागे जाऊन पुढचा एलही वरच ठेवतात. मी या बाबतीत पक्का ब्रिटिश.

अर्थात उच्चारवाल्यांनाही अर्थ सुटत नाही. 'प्रेझेंट' नाम असेल तर एसनंतर तुटतो, क्रियापद असेल तर एसच्या आधी. स्टॅनफर्डच्या फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात संगणकाला शब्द तोडायला शिकवलं, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी. शब्द कुठे तोडायचा हे सांगणारे अक्षरांचे ४,४४७ नमुने आणि फक्त १४ अपवाद. त्या अपवादांत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत. तिथे यंत्राला हुकूम एकच: तोडूच नकोस. वाक्य समजल्याशिवाय तोडता येत नाही, हे कबूल करण्याचा इतका प्रामाणिक मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही.

शब्दाच्या पोटात कायम राहणारी आडवी रेघ ही वेगळी गोष्ट. खेळाडूने 'रिझाइन' केलं तर तो गेला. त्याच अक्षरांत आर-ईनंतर रेघ ओढली की 'री-साइन', म्हणजे नव्याने करार करून राहिला! २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाने सुमारे १६,००० शब्दांतली रेघ काढून टाकली. बऱ्याच ठिकाणी ती अडगळच होती, पण अशा जोड्यांत ती हवीच.

गंमत म्हणजे, चुकीच्या जागी तोडलेले शब्दही संसार थाटतात. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्गचा. लोकांनी त्यातून 'बर्गर' कापून काढला. अल्कोहोलिकमधून 'होलिक' उचकटून वर्कोहोलिक केला. खरं तर अल्कोहोलमधला 'अल' हा अरबी उपपद, आणि पुढचा 'कुह्ल' म्हणजे सुरमा. दारूच्या शब्दात डोळ्यांत घालायची पूड निघाली.

पुतणीला आता नाद लागलाय. काल वही घेऊन आली: 'आउटरेज' बरोबर आउट अधिक रेज, बाहेर पडलेला राग. इतका देखणा विग्रह, आणि साफ चूक. तो शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'उत्र' म्हणजे पलीकडे, मर्यादेबाहेर, आणि पुढे 'एज' हा नुसता प्रत्यय. रागाचा त्यात मुळात पत्ताच नाही.

सांगितलं तिला. ती चिडली. म्हणाली, "मग आत्ता मला जो आलाय तो काय आहे?"