रेघ जोडली म्हणजे ॲप चालतं असं नाही

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: ‘सर्व्हरलेस ॲपसाठी आता कोड लागत नाही. चौकोन ओढा, रेघा जोडा, झालं. परवानग्या आपोआप, खर्च शून्य, बॅकएंड शिकण्यात वेळ घालवू नका.’ सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता क्लाउडवर चालवलेलं ॲप, आणि बॅकएंड म्हणजे त्याचा पडद्यामागचा भाग. मेसेज वाचून अंधेरीतल्या आमच्या ऑफिसातली दोन नवी मुलं लॅम्डा, म्हणजे गरज पडली की आपला कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा, शिकणं सोडायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

‘कोड लागत नाही’ हे साफ चूक. चौकोन-रेघांचं हे साधन, ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन कंपोझर, २०२२ मध्ये आला, आता त्याला इन्फ्रास्ट्रक्चर कंपोझर म्हणतात. कॅनव्हासवर तुम्ही चित्र काढता तेव्हा मागे क्लाउडफॉर्मेशनचा टेम्प्लेट, म्हणजे क्लाउडवर काय काय उभारायचं याची लेखी यादी, लिहिला जातो. ती यादी यामल नावाच्या मांडणीत हाताने लिहिण्याचा त्रास वाचतो, आणि मी स्वतः कंपोझर रोज वापरतो. पण लॅम्डाच्या चौकोनात काय घडायचं, ते तुम्हालाच लिहावं लागतं.

‘रेघ जोडली की झालं’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. गिरगावातल्या एका फराळवाल्या ताईंसाठी आम्ही ऑर्डरची व्यवस्था केली होती. ऑर्डर आली की रांगेत, म्हणजे ॲमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत जायची. तिथून लॅम्डा ती उचलायचा, गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवायचा आणि स्वयंपाकघरात चिठ्ठी छापायचा. लॅम्डा एका वेळी किती ऑर्डरी उचलणार, तो गठ्ठा आम्ही १० चा ठेवला होता. वसुबारसेच्या संध्याकाळी एका ऑर्डरीत पिनकोड रिकामा आला आणि कोड तिथेच अडकला. गठ्ठ्यातली एक ऑर्डर फसली की सगळा गठ्ठा रांगेत परत जातो. उरलेल्या नऊ जणांना पुन्हा एसएमएस गेले, चिठ्ठ्या पुन्हा छापल्या गेल्या, आणि दर काही मिनिटांनी हेच. ताईंचा फोन आला, ‘अरे, एकाच बाईंची चकली चौथ्यांदा आलीये, तळू का?’

चित्रात काहीच चुकलं नव्हतं. फक्त फसलेली ऑर्डरच परत पाठवायची सोय आम्ही चालू केली नव्हती. फसलेल्या मेसेजांसाठी (रांगेतल्या ऑर्डरी म्हणजेच मेसेज) वेगळी रांगही नव्हती, आणि एसक्यूएस मूळ सेटिंगवर मेसेज ४ दिवस धरून ठेवतो, म्हणजे तोवर हेच चालू राहिलं असतं. एकच ऑर्डर दोनदा आली तर दुसऱ्यांदा गप्प बसायचं, हे कोडमध्ये लिहायला हवं होतं. ती चूक आमचीच.

‘परवानग्या आपोआप’ हे खरं आहे, आणि म्हणूनच तपासायचं. लॅम्डापासून डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसातल्या टेबलापर्यंत रेघ ओढली की वाचणं, लिहिणं, पुसणं असे सगळे हक्क एकदम मिळतात. नुसता मेन्यू दाखवणाऱ्या फंक्शनला पुसायचा हक्क कशाला? टेम्प्लेट उघडून तो काढून टाका.

‘खर्च शून्य’? लॅम्डाच्या महिन्याच्या पहिल्या १० लाख हाका (फंक्शन चालवायच्या विनंत्या) फुकट असतात, पण एसएमएसचे पैसे वेगळे पडतात. त्या संध्याकाळी ते पडलेच.

त्या दोन मुलांना मी आता तोच टेम्प्लेट दिलाय. एका ऑर्डरीतला पिनकोड मुद्दाम रिकामा ठेवलाय.