41 झाल्या, 41 राहिल्या

आमच्या कॉम्प्युटरवरच्या हॉकी लीगचा अर्धा सीझन परवा संपला आणि लीग चालवणाऱ्या कमिशनरनं ग्रुपवर दरवर्षीचं फर्मान काढलं. प्रत्येक जीएमनं, म्हणजे टीम सांभाळणाऱ्या जनरल मॅनेजरनं, आपल्या टीमची एक जमेची बाजू लिहायची. एकच. रडगाणं नको.

उत्तरं आली. 'पोरं जीव तोडून खेळतायत.' 'ड्रेसिंग रूममधलं वातावरण छान आहे.' 'आम्ही हार मानलेली नाही.'

अरे, कसली ड्रेसिंग रूम? आपली पोरं म्हणजे एका फाइलमधल्या ओळी आहेत. त्यांना जीवच नाही, तोडणार कुठून? मी हे तिथे लिहिलं, दोघातिघांना झोंबलं, म्हणून आता इथे सविस्तर लिहितेय. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांनीही वाचा, समजेल असं लिहिते.

आधी खुलासा. ही हॉकी म्हणजे बर्फावरची, कॅनडातली. खडकीच्या माझ्या मावशीला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या धनराजची ना?" खडकीत हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले, दुसरं नाव निघायचं कारणच नाही. म्हटलं, नाही गं, ही वेगळी. आणि आम्ही ती खेळत नाही. "मग बघता?" बघतही नाही. मग करता काय, याचं उत्तर देता देता माझा कॉल संपला. तिचा धाकटा मुलगा, माझा मावसभाऊ, मागे उभा राहून सगळं ऐकत होता. आज तो आमच्याच लीगमध्ये एका टीमचा जीएम आहे, हे मावशीला अजून नीटसं माहीत नाही. सकाळी लॅपटॉप उघडून बसतो तेव्हा ऑफिसचं काम चाललंय असं तिला वाटतं.

तर करतो काय? प्रत्येक खेळाडूला आकडे असतात: स्केटिंग, पासिंग, नेमबाजी, बचाव, दमसास, शिस्त. तीन-तीन फॉरवर्डच्या चार लाइन्स, डिफेन्सच्या तीन जोड्या, दोन गोली (म्हणजे गोलरक्षक), असा संघ आपण लावायचा आणि फाइल पाठवायची. रात्री 9 वाजता, म्हणजे आमच्या टोरांटोच्या घड्याळात 9, कमिशनर बटण दाबतो. 60 मिनिटांची मॅच काही सेकंदांत होते. मग कुणी पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) कुणाला दिला, कुठून शॉट आला, कोण दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसला, सगळं ओळीनं वाचायला मिळतं. एनएचएल या तिकडच्या खऱ्या व्यावसायिक लीगमध्ये 2025-26 पर्यंत होत्या तेवढ्याच 82 मॅच. जिंकलात तर 2 गुण, जादा वेळेत हरलात तर 1.

हा नाद जुना आहे. रिस्टो रेमेस नावाच्या एका फिन्निश माणसानं बनवलेला 'ईस्टसाइड हॉकी मॅनेजर' हा असलाच गेम आधी फुकट मिळायचा, 2004 मध्ये तो बाजारात आला. 'फ्रँचाइज हॉकी मॅनेजर' 2013 चा. मी या भानगडीत पडले ती मार्च 2020 मध्ये. 12 तारखेला एनएचएलनं सीझन थांबवला आणि आमच्या घरातल्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. कोणीतरी लीग काढली, मी शिरले. पुढच्या पंधरवड्यात तिकडे भारतात लॉकडाऊन लागला, मावसभाऊही शिरला.

आता मुद्द्यावर येते. अर्ध्या सीझनला जमेची बाजू शोधायची तर ती पुढच्या 41 मॅचमध्ये टिकणारी हवी. आतापर्यंत काय मिळालं हे गुणतक्त्यात दिसतंच, त्यासाठी जीएम कशाला पाहिजे?

उदाहरण पहिल्या नंबरचंच घेऊ. मॉन्ट्रियलमध्ये बस चालवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांची टीम. त्यांनी लिहिलं, 'आम्ही अव्वल आहोत, हीच जमेची बाजू.' मी त्यांचे शॉट्स मोजले. बहुतेक मॅचमध्ये समोरच्यांनी जास्त शॉट मारलेत. हे जिंकतायत कारण यांचे शॉट आत जातायत आणि समोरच्यांचे अडतायत. हॉकीत याला पीडीओ म्हणतात. आपल्या शॉट्सपैकी किती टक्के गोल झाले, अधिक समोरच्यांच्या शॉट्सपैकी किती टक्के आपल्या गोलीनं अडवले, ही बेरीज. लीगमधला प्रत्येक शॉट एक तर गोल होतो नाही तर अडतो, त्यामुळे सगळ्या लीगची मिळून ही बेरीज 100 च येते. एखादी टीम बराच काळ 103 वर चालली असेल तर एक तर तिच्याकडे खरंच थोर गोली आहे किंवा नशीब जोरात आहे.

आम्हा टोरांटोवाल्यांना हा धडा फुकट मिळालेला नाही. 2013-14 ची मेपल लीफ्स, आमची एनएचएलमधली टीम, आठवा. मॅचमागे जवळपास 36 शॉट अंगावर घ्यायची, लीगमध्ये सगळ्यात जास्त. तरी मार्चच्या मध्यापर्यंत प्लेऑफच्या जागेवर ठाण मांडून होती. आकडेवाले ओरडत होते की हे टिकणार नाही, आणि बाकीचं गाव त्यांना चष्मिष्ट म्हणून हिणवत होतं. मग शेवटच्या 14 मॅचमध्ये 2 विजय. 84 गुणांवर गाडी थांबली आणि प्लेऑफ हुकला. त्या मार्चमध्ये आमच्या घरी रात्री टीव्ही बंद करताना कोणी कोणाशी बोलायचं नाही.

सिम्युलेशनमध्ये एक सोय आहे जी खऱ्या खेळात नाही. गोलीचे आकडे उघडून बघता येतात. मॉन्ट्रियलकरांचा गोली मी उघडला. साधा आहे हो, अगदी मध्यम. त्यांना मी खासगीत सांगितलं की त्याला आत्ताच विका, भाव चांगला येईल. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

आता दुसरं टोक बघा. माझा मावसभाऊ तळाला आहे. 11 विजय, 26 पराभव, 4 जादा वेळेतले. त्यानं जमेची बाजू म्हणून लिहिलं, 'निदान यंदा पहिला पिक मिळेल.' (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वाटपात, निवडीची पाळी.) वाचून मला वाईट वाटलं. त्याची टीम हरत होती म्हणून नाही. त्यानं स्वतःची टीम वाचलीच नव्हती म्हणून.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं दुसरी आणि तिसरी लाइन बदलली होती. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये त्याचे शॉट समोरच्यापेक्षा जास्त आहेत. हरतोय तो फक्त गोलीमुळे. त्याचा गोली शंभरातले 87 अडवतोय, बरा गोली 90 तरी अडवतो. तीनच तर कमी, असं वाटेल. पण मॅचमागे 30 शॉट धरा, म्हणजे जवळजवळ एक गोल दर मॅचला फुकट दिला. आणि हॉकीतल्या कितीतरी मॅच एका गोलानंच जातात.

त्याला मी सेंट लुईस सांगितलं. 3 जानेवारी 2019 च्या सकाळी सेंट लुईस ब्लूज सगळ्या 31 टीममध्ये शेवटच्या होत्या. नोव्हेंबरमध्येच कोच बदलून झाला होता, क्रेग बेरुबी आला होता. 7 जानेवारीला त्यांनी जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या 25 वर्षांच्या गोलीला एनएचएलमधली पहिली पूर्ण संधी दिली. त्याच्या आदल्या सीझनला हा मुलगा उसना म्हणून दुसऱ्याच क्लबच्या खालच्या लीगमधल्या टीमकडे खेळत होता. फिलाडेल्फियाविरुद्ध 3-0, एकही गोल खाल्ला नाही. 12 जूनला त्याच टीमनं बॉस्टनमध्ये सातवी मॅच 4-1 नं जिंकून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला. 1967 मध्ये लीगमध्ये आलेल्या क्लबचा पहिला कप.

ही गोष्ट लोक 'जिद्द' म्हणून सांगतात. असेल, खऱ्या माणसांत असतेही. मी ती भोक बुजवण्याची गोष्ट म्हणून सांगते. बोटीला एकच मोठं भोक असेल तर बोट वाईट नसते. अर्ध्या सीझनला तळाला असलेल्या जीएमनं एवढंच विचारायचं, की माझ्याकडे एक भोक आहे का दहा? एक असेल तर तीच जमेची बाजू.

आणि पहिला पिक? पिक म्हणजे उधारीवरची जमेची बाजू. एडमंटनला 2010, 2011, 2012 अशी लागोपाठ तीन वर्षं ड्राफ्टमधला पहिला खेळाडू मिळाला. 2015 मध्ये पुन्हा मिळाला, तो कॉनर मॅकडेव्हिड. तरी 2006 नंतर प्लेऑफचं तोंड बघायला त्यांना 2017 उजाडलं. आमच्या लीगमध्ये एकानं तीन पहिले पिक जमवलेत आणि तो स्वतःला लीगचा सर्वांत हुशार माणूस समजतो. समजू दे.

सर्वांत सुंदर उत्तर कुणाचं होतं सांगू? तांपेरेच्या बाईंचं. निवृत्त शिक्षिका, फिनलंडच्या. त्यांची टीम मधे कुठेतरी आहे, कोणाच्या लक्षातही नसते. त्यांनी लिहिलं, 'आमची पेनल्टी किल सुधारली आहे.' बस.

मी कुतूहलानं त्यांच्या जुन्या लाइन्स काढून बघितल्या. पेनल्टी किल म्हणजे आपला खेळाडू पेनल्टीवर गेला की दोन मिनिटं पाचाविरुद्ध चौघांनी तग धरायचा. आपण सगळे तिथे आपले सर्वांत चांगले खेळाडू उभे करतो, कारण ते 'चांगले' असतात. बाईंनी ऑक्टोबरमध्ये तेच केलं होतं. मग त्यांना दिसलं की तिसऱ्या पीरियडमध्ये त्यांची पहिली लाइन गोलच करत नाही. का? दमलेली असते. पेनल्टी किलवर पळून पळून. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पहिल्या लाइनला तिथून काढलं आणि चौथ्या लाइनचे दोघं टाकले. नेमबाजी शून्य, पण बचाव आणि शिस्त यांचे आकडे भरभक्कम. हे असले खेळाडू आपण यादीत नुसते स्क्रोल करून पुढे जातो. आता बाईंची टीम पाचातल्या चारपेक्षा जास्त पेनल्टी निभावून नेते, आणि पहिली लाइन शेवटपर्यंत ताजी राहते. एका बदलात दोन कामं. आणि हे टिकणारं आहे, कारण ते नशिबावर उभं नाही, माणसं योग्य जागी बसवण्यावर उभं आहे. मी त्यांना तसं लिहिलं, तर उत्तर आलं, 'शाळेत पण हेच करायचे.'

आता माझं. माझी टीम आठवी आहे, आणि खरं सांगायचं तर या सीझनला माझ्याकडे दाखवण्यासारखं फारसं नाही. पॉवरप्ले, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीवर असतानाचा आमचा खेळ, रडतोय. माझा महागडा सेंटर जखमी झालाय, तोही दोनदा. एक 19 वर्षांचा डिफेन्समन आहे, त्याला मी दुसऱ्या जोडीत एका म्हाताऱ्या खेळाडूबरोबर लावलाय. तो बर्फावर असताना आम्ही गोल खातो. प्लस-मायनसमध्ये (तो बर्फावर असताना केलेले गोल वजा खाल्लेले) टीममध्ये सर्वांत खाली. ग्रुपवर दोघांनी विचारलं, याला बसवत का नाहीस? नाही बसवत. आमच्या इंजिनमध्ये, म्हणजे मॅच चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लहान खेळाडू वाढतो तो मिनिटं मिळाली तर. बाकावर बसून पासिंग वाढत नाही. त्याचा पासिंगचा आकडा ऑक्टोबरपासून तीनदा वर सरकलाय, बचावाचा एकदा. म्हणजे मी आठव्या नंबरवर आहे ती थोडी माझ्याच मर्जीनं आहे. (थोडीच. पॉवरप्लेला काही सबब नाही.)

एकानं लिहिलंय की हे सगळं शेवटी रँडम नंबर आहे, एवढा विचार कशाला. अहो, रँडम आहे म्हणूनच विचार. इंजिनला दया नाही, राग नाही, 'आज आपला दिवस आहे' हे त्याला कळत नाही. 41 मॅचमध्ये गोल फसवू शकतात, कारण ते मोजकेच असतात. शॉट हजाराच्या वर गेलेत, ते सहसा फसवत नाहीत.

आणि हे मी कोणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. अशा लीग कशा मरतात माहितीये? भांडणांनी नाही. भांडणं झाली की उलट सगळे रोज येतात. जानेवारीत तळाचे दोन जीएम लाइन्स पाठवायचं थांबवतात. कोणी काही बोलत नाही. मग त्यांच्या टीम संगणक चालवतो, जखमी गोली तसाच यादीत पडून राहतो, त्यांच्याविरुद्धच्या मॅच फुकटात जातात आणि मार्चपर्यंत आणखी चार जण गळतात. मागच्या सीझनला आमचे दोघं असेच गेले. त्यातल्या एकाची पेनल्टी किल लीगमध्ये दुसऱ्या नंबरची होती. त्याला ते कोणी सांगितलंच नाही. मीही नाही. 'वातावरण छान आहे' असल्या वाक्यांनी माझी चिडचिड होते ती यामुळे.

मावसभावाला मी काल हे सगळं फोनवर ऐकवलं. तिसरा गोली बघ म्हटलं, 22 वर्षांचा, खालच्या टीममध्ये पडलाय, त्याचे आकडे तुझ्या पहिल्या गोलीपेक्षा फार खाली नाहीत आणि वय त्याच्या बाजूनं आहे. तो हूं हूं करत होता. मागून मावशी विचारत होती, कोणाचा फोन, ऑफिसचा का?

आत्ता मेसेज आलाय. 'ताई, गोली बदलला. पहिली मॅच तुझ्याशीच आहे.'

शेड्यूल बघितलं, खरंच आहे. 9 ला बटण दाबलं जाईल, तिकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. साडेआठ वाजत आलेत आणि माझ्या लाइन्स अजून गेलेल्या नाहीत. पॉवरप्लेवर कोणाला घालू, कोणी सांगेल का?