भूकंपाची तारीख का सांगता येत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोन-चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी नव्हती, म्हणून सवडीने लिहितोय. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी तेलंगणातल्या मुलुगूला 5.3 चा भूकंप झाला आणि त्याचे हादरे आपल्या नागपुरातही जाणवले. त्यावर मी लिहिलं होतं की पुढचा भूकंप कधी, कुठे आणि केवढा होईल हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही. काकांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं: "हे शास्त्रज्ञांच्या नाकर्तेपणावर पांघरूण घालणं झालं. किल्लारीला आदल्या वर्षीच धक्के बसत होते. चीनने 1975 साली आधी सांगून माणसं वाचवली. कोयना, किल्लारी, जबलपूर, तिन्ही भूकंप पहाटे झाले, एवढंही यांना दिसत नाही का? आणि तारीख सांगता येत नसेल तर आम्ही काय नुसती वाट बघायची?" काका 93 साली मदतीचं सामान घेऊन नागपुरातून किल्लारीला गेले होते, तेव्हा हा राग पुस्तकी नाही.

किल्लारीचंच आधी बोलू. तुम्ही म्हणता ते खरं आहे. 1992 मध्ये त्या भागात लहान-लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग ते थंडावलं. आणि 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, 6.2 चा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, एवढं स्पष्ट दिसत असताना कुणी बोललं का नाही?

पण आता पालघरकडे बघा. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धक्क्यांची रांगच लागली. शेकडो नाही, हजारोंनी नोंदी झाल्या. आदिवासी पाड्यांवरची माणसं थंडीत तंबूत झोपली. त्यानंतर मोठा भूकंप झाला नाही. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या सादराबाडीला 2018 च्या ऑगस्टमध्ये असेच हादरे बसले, तेही विरले. हिंगोलीत वसमत-कळमनुरीकडे वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, 2024 मध्ये तिथे साडेचारपर्यंतचे धक्के बसले. ही सगळी ठिकाणं सुरुवातीला किल्लारीसारखीच दिसत होती. यातलं पुढचं किल्लारी कोणतं, हे ओळखायची खूण अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. कॅलिफोर्नियात, जिथे नोंदी भरपूर आहेत, तिथला हिशेब सांगतो की एखाद्या धक्क्यामागून काही दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात पाचेक असते. म्हणजे दरवेळी इशारा दिला तर शंभरात पंचाण्णव वेळा तो खोटा ठरेल.

आणि समजा, 92 च्या ऑक्टोबरमध्ये एखाद्या शास्त्रज्ञाने छातीठोकपणे सांगितलं असतं की मोठा भूकंप येणार. तो आला जवळपास वर्षभराने. एवढे महिने गावंच्या गावं घरदार, गुरंढोरं, पेरणी सोडून माळावर राहिली असती का? धक्के थांबल्यावर लोक घरात परतलेच होते.

चीनचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 4 फेब्रुवारी 1975 ला हायचेंगला 7 च्या वरचा भूकंप झाला आणि लोकांना आधी बाहेर काढल्यामुळे हजारो जीव वाचले, हे बरोबर. पण तिथे आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी धक्क्यांवर धक्के बसत होते. जमिनीनेच दार ठोठावलं होतं. त्यानंतर दीड वर्षही झालं नाही, 28 जुलै 1976 ला तंगशान शहर झोपेत गाडलं गेलं. सरकारी आकड्यानुसारच दोन लाख चाळीस हजारांच्या वर मृत्यू. देश तोच, पद्धत तीच, पण तिथे असे आधीचे धक्के बसलेच नाहीत. अमेरिकेत पार्कफिल्ड नावाचं गाव आहे. तिथे 1857 पासून 1966 पर्यंत साधारण दर बावीस वर्षांनी 6 चा भूकंप होत आला होता. शास्त्रज्ञांनी जगातली सगळी यंत्रं तिथे नेऊन मांडली आणि सांगितलं, पुढचा 1993 च्या आत येईल. तो 2004 मध्ये आला, आणि येण्याआधी त्या यंत्रांना भरवशाची कुठलीच चाहूल लागली नाही.

पहाटेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला, कारण तुमच्या वेळा अचूक आहेत. 11 डिसेंबर 1967, कोयना, पहाटे 4:21. किल्लारी, चारला पाच मिनिटं कमी. 22 मे 1997, जबलपूर, पुन्हा 4:21. कोणाच्याही अंगावर काटा यावा. पण यादी थोडी वाढवा. भूज, 26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ, शाळांची मुलं झेंडावंदनाला निघालेली. नेपाळ, 25 एप्रिल 2015, ऐन दुपारच्या तोंडावर. मुलुगू साडेसातला. जगात 6 ते 7 च्या मधले भूकंप वर्षाला सव्वाशेच्या आसपास होतात आणि ते दिवसरात्र विखुरलेले असतात. पहाटेचा भूकंप माणसांना छपराखाली, गाढ झोपेत गाठतो, म्हणून तो जास्त जीव घेतो आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतो. वर्षाला सव्वाशे या आकड्यावरून आणखी एक कळतं: "या आठवड्यात कुठेतरी 6 चा भूकंप होईल" असं कुणीही रोज लिहावं, बहुतेक वेळा खरंच ठरेल. समाजमाध्यमांवरच्या भविष्यवाल्यांचं भांडवल एवढंच असतं.

मुळात अडतं कुठे? भूकंप सुरू होतो तो जमिनीखाली पाच, दहा, तीस किलोमीटरवर. जबलपूरचा तर पस्तीस किलोमीटर खोल होता. माणसाने आजवर सगळ्यात खोल भोक पाडलंय ते बारा किलोमीटरच्या जरासं पुढे. त्या खोलीवर खडकात ताण किती साठलाय आणि भेग किती सहन करेल, हे मोजायचं साधन नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे 3 चा भूकंप आणि 7 चा भूकंप सुरू सारखाच होतो. एका जागी खडक सटकतो. तो तिथेच अडेल की फाटत पन्नास किलोमीटर जाईल, हे पुढच्या खडकावर ठरतं. कोयनेला तर जलाशयाची पातळी, पावसाळ्यातली चढ आणि नंतरची उतार, आणि भूकंप यांचं नातं अनेक वर्षं अभ्यासलं जातंय. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विंधनविवर पाडलंय. याला नाकर्तेपणा म्हणवत नाही, काका.

मात्र एका ठिकाणी तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. किल्लारीत जे चुकलं ते तारखेत नव्हे, भिंतीत आणि नकाशात चुकलं. तुम्ही ती घरं पडलेली पाहिली आहेत. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिखल आणि दगडगोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट मातीचं ओझं. हादरा बसला की बाहेरचा थर बाहेर, आतला आत, आणि माळवद थेट झोपलेल्यांच्या अंगावर. 92 चे धक्के ही तारीख नव्हती, पण ही घरं तपासायला पुरेसं कारण होतं. आणि देशाच्या भूकंप-धोक्याच्या त्या वेळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता.

आपलं नागपूर 2002 च्या नकाशात विभाग दोनमध्ये, म्हणजे त्या नकाशातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर होतं. मला याचीच काळजी वाटते. जबलपूरचा नर्मदा-सोन पट्टा आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. दक्षिणेला गोदावरीचं खोरं. तिथे 1969 ला भद्राचलमला आणि आता मुलुगूला भूकंप झाला. या दोन्ही बाजूंनी हादरे येत राहणार, हे मी खात्रीने सांगतो. कधी, ते नाही. पण त्या नकाशाच्या विभाग दोनमध्ये कॉलमच्या सळयांचे भूकंपासाठीचे खास नियम सक्तीचे नव्हते. कुठल्याही साइटवर जाऊन कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारी आडवी कडी, बघा. रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात 135 अंशांत वळवलेली हवीत. बहुतेक ठिकाणी ती काटकोनातच वाकवून सोडतात. मोठा हादरा बसला की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. त्यात खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर चार मजले भिंती भरलेल्या, म्हणजे हादऱ्याचा सगळा हेलकावा तळमजल्यावर. नियमाने मागितलं नाही तरी हे करून घेता येतं, आणि बांधतानाच केलं तर खर्चही फार वाढत नाही.

तेव्हा वाट बघत बसायचं नाही. मुलुगूच्या वेळी तुमच्या बिल्डिंगमधले सगळे जिन्याने खाली धावले असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी कृपा करून तसं करू नका. हलत्या जिन्यावर माणसं पडतात. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, हादरे थांबल्यावर उतरा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायचा ठराव घ्या. ती मिळाली की मला कळवा. माझ्या ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना घेऊन मी मानेवाड्याला येतो आणि आपण तुमच्या पार्किंगचे कॉलम सोबतच पाहू.