मोझरीला मौनापुरतं येऊ नका, खंजेरी ऐकायला या

कोजागरी जवळ आली की तिवसा-अमरावतीकडे एकच विचारणा सुरू होते, ‘यंदा पंचमी कधी?’ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती. त्यांच्या आश्रमाचा, म्हणजे गुरुकुंज मोझरीचा, पुण्यतिथी महोत्सव तिथीनेच होतो, आणि बाहेरगावचे लोक पहिली चूक इथेच करतात. सगळीकडे ११ ऑक्टोबर छापलेलं असतं, म्हणून त्या तारखेची सुट्टी टाकतात आणि मोकळ्या मंडपात येऊन उभे राहतात. हिशेब सोपा आहे. कोजागरी पौर्णिमेनंतरची पंचमी. ज्या वर्षी अधिक महिना आधी येऊन जातो, त्या वर्षी हा सगळा हिशेब पुढे सरकतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने कोजागरीच ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्यामुळे आधी पंचांग बघा, तिकीट त्यानंतर काढा.

आता मुद्द्याचं. महोत्सव आठवडाभराचा असतो, पण बहुतेक लोक पंचमीच्या दिवशी दुपारी येतात, ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या वेळेला, मौन पाळतात आणि लगेच गाडीकडे वळतात. शेतकऱ्यांचं समजू शकतो. सोयाबीन कापून पडलेलं असतं, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो, आभाळ भरून आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते. त्यांना एक दिवस काढणंही जड जातं. पण ज्यांना जमू शकतं त्यांनी निदान दोन रात्री आधी यावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. आठवडाभर घुमत राहिलेली खंजेरी थांबते, तेव्हा त्या मौनाला वजन येतं. जो थेट मौनालाच पोहोचला, त्याला फक्त शांतता मिळते. काय थांबलं, ते त्याला कळत नाही.

महाराजांनी खंजेरी का धरली असावी, हे वाद्य हातात घेतलं की लक्षात येतं. वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत झांजेच्या चकत्या. झोळीत मावतं, कुठल्याही पारावर चालतं, आणि गाणारा माणूस स्वतःच वाजवू शकतो. ताल आणि किणकिण एकाच हातात. दिमडीत आणि खंजेरीत फरक तो हाच. वाघ्याच्या दिमडीला चकत्या नसतात. असं हलकं वाद्य घेऊन महाराज गावोगाव फिरले, मराठीत आणि हिंदीत भजनं रचली, आणि त्या भजनांतून स्वच्छता, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता, गावची एकी हे विषय लोकांपुढे मांडले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ आंदोलनात चिमूर आणि आष्टी पेटल्यावर इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाचे शब्द लोकांपर्यंत किती पोहोचत होते, याचा याहून मोठा पुरावा नको. म्हणून खंजेरी भजनाची माझी पहिली कसोटी एकच आहे. मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला शब्द कळले पाहिजेत.

आणि नेमकं तेच आज बिघडतंय. कारणं बरीचशी साधी आहेत, दुरुस्त होण्यासारखी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली अडचण कातड्याची. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. ते पातळ आणि चिवट असतं, आवाज गोड येतो. पण घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तिचं कातडं विकणं, विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे. कोणी ‘असली माल’ म्हणून दाखवलं तर सरळ पुढे चला. बकरीच्या चांगल्या कातड्यावर काम उत्तम होतं. मात्र कातडं ओल धरतं. आश्विनात दुपारी ऊन रणरणतं आणि मध्यरात्रीनंतर दव उतरतं. रात्री नऊला टणक वाजणारी खंजेरी पहाटे चारला बसलेल्या गळ्यासारखी बोलते. अशा वेळी नवखे वादक जोरात मारतात. त्याने आवाज वाढत नाही, बोटं सुजतात. खंजेरी विस्तवापासून हातभर लांब धरून फिरवत शेकायची, मिनिटभराने बाजूला घेऊन टिचकी मारून बघायची, लागलं तर पुन्हा शेकायची. एका जागी स्थिर धरली तर तेवढाच भाग कडक होतो, आणि तडा जातो तो तिथूनच. उलट दुपारी उन्हात ठेवल्याने फार चढली, तर आतल्या बाजूने ओल्या बोटांनी चार थेंब पाणी फिरवायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. पाणी वाजवायच्या बाजूने लावू नये, आणि घाईही करू नये. जाणते वादक दोन खंजेऱ्या सोबत ठेवतात. एक वाजत असते, दुसरी कोरड्या फडक्यात गुंडाळलेली असते. प्लॅस्टिकची खंजेरी दवात उतरत नाही हे खरं, लहान पोरांच्या सरावाला ती चांगली. पण तिच्यात मधल्या थापेचा घुमारा नाही, आणि घुमारा नसेल तर चकत्यांची किणकिण तेवढी उरते.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे गाण्यासाठी धरलेल्या मूळ सुराची. पेटीवाल्याला सोयीची किंवा ऐकायला चढी वाटते म्हणून मंडळं फार वरची पट्टी धरतात. मुख्य गायक दोन कडवी ओढतो, पण मागची साथ अंतऱ्याला फाटते आणि ओरडायला लागते. ओरडताना शब्दांतले जोडाक्षरांचे उच्चार आधी जातात. साध्या पुरुष गळ्याला पेटीची पांढरी एक ते काळी दोन पुरे. बायकांची मंडळं साधारण काळी चार-पाचच्या आसपास मोकळी गातात. एका मंडळात पुरुष आणि बायका मिळून गाणार असतील तर पट्टी साथवाल्यांच्या गळ्यावर ठरवावी. गायक एकच असतो, झील धरणारे, म्हणजे मागून साथीला गाणारे, दहा असतात.

तिसरी गोष्ट लयीची. भजनी ठेका आठ मात्रांचा, दादरा सहाचा, यात अवघड काही नाही. पण धृपद प्रत्येक वेळी परत येताना टाळवाले किंचित पुढे पळतात, आणि पाचव्या कडव्याला भजन धावायला लागतं. सांभाळायचं काम खंजेरीचं आहे. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, ठळक द्यायची आणि मधल्या मात्रा हलक्या ठेवायच्या. सगळ्याच मात्रा सारख्या जोराने वाजल्या की टाळवाल्यांना सम सापडत नाही. लय मुद्दाम वाढवायची असेल तर शेवटच्या धृपदाला, सगळ्यांनी मिळून, एकदाच.

आणि माईक. चकत्यांचा आवाज बारीक आणि तीक्ष्ण असतो, तो गाण्याच्या माईकमध्ये शिरला की शब्द खातो. गायकाने खंजेरी छातीपुढे न धरता कमरेच्या उंचीवर, जरा बाजूला धरावी. खंजेरीला वेगळा माईक दिलाच तर तो हातभर दूर ठेवावा. तबला आणि पेटी जुळवून मगच मंचावर चढावं. स्पर्धेत वेळ मोजून मिळतो आणि चार-चार मिनिटं हातोडी ठोकण्यात जाताना दिसतात. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खंजेरी भजनात त्याला जागा नाही. खंजेरीचा आवाज माणसाच्या आवाजाला जागा देतो, ऑक्टोपॅड ती घेतो. सिनेमाच्या चालींवर भजन बसवण्याचंही तसंच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाण्याचे शब्द चालू राहतात आणि भजनाचे हवेत जातात. तरुण पोरं यामुळे गोळा होतात असं म्हणणारे आहेत. पण पोरांच्या हातात चांगली चढवलेली खंजेरी देऊन बघा. पहिली मोकळी थाप बसली की ती सोडत नाहीत.

आता यायचं कसं. गुरुकुंज अमरावती-नागपूर हमरस्त्याला लागूनच आहे, अमरावतीहून सुमारे ३५ किलोमीटर. नागपूरकडून येताना कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा आणि मग मोझरी. रेल्वेने बडनेरा किंवा अमरावतीला उतरून एसटी धरावी. बसमध्ये चढण्याआधी वाहकाला ‘गुरुकुंजला थांबते का’ हे विचाराच. लांब पल्ल्याच्या विनाथांबा गाड्या थेट पुढे निघून जातात. हमरस्ता ओलांडताना लहान मुलांचा हात सोडू नका.

स्वतःची गाडी असेल तर एकच सांगणं, गाडी मुरमावर लावा. ही काळी कसदार जमीन आहे. सोयाबीन निघालेलं मोकळं शेत दिवसा टणक दिसतं, परतीच्या पावसाची एक सर पडली की चाक अर्ध्यापर्यंत रुतून बसतं, आणि मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. तोंड रस्त्याकडे करून लावलेली गाडी सुटते, आत घुसवलेली अडकते.

मुक्कामाला आश्रमाची सोय असते, पण महोत्सवात गर्दीपुढे ती अपुरी पडते. बहुतेक जण मंडपातच आडवे होतात. सतरंजी, जाड चादर, पाण्याची बाटली, टॉर्च आणि कानटोपी घेऊन या. दिवसाच्या उन्हावरून रात्रीचा अंदाज बांधू नका. अमरावतीत लॉज घेऊन रोज ये-जा करणाऱ्यांची पहाट हुकते, आणि पहाट हुकली तर अर्धं गुरुकुंज हुकलं.

पहाटे सामुदायिक ध्यान आणि सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना, हा इथल्या दिवसाचा कणा. प्रार्थनेत मूर्ती नसते, समोर अधिष्ठान, म्हणजे मांडलेलं आसन, असतं, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला रांगेत तीच जागा. आल्या क्रमाने सरळ ओळीत बसायचं, ओळखीच्या माणसाला पुढे बोलवायचं नाही. उशीर झाला तर मागे बसा, माणसं तुडवत पुढे जाऊ नका. भगवी टोपी घातलेले गुरुदेव सेवा मंडळाचे सेवक जे सांगतील ते ऐका. गर्दी त्यांच्याच कष्टांवर चालते. हाताला वेळ असेल तर वाढपाला किंवा झाडझुडीला उभे राहा, कोणी नाही म्हणत नाही. भजनाची चांगली मंडळं रात्री उशिरा ऐकायला मिळतात, तेव्हा मंडप विरळ झालेला असतो. स्पीकरच्या तोंडापुढे बसू नका. मधल्या भागात, जरा कडेला बसलं की पेटी, खंजेरी आणि गळा वेगवेगळे ऐकू येतात.

पंचमीच्या दिवशी दुपारी दोनच्या आत बसून घ्या. त्यानंतर रस्ता तुंबतो, आणि ४.५८ ला माणूस बसमध्ये किंवा गाडी लावायच्या जागेवर सापडतो. मोबाईल मुका करून पुरत नाही, बंद करा. त्या क्षणी उंचावून धरलेल्या पडद्यांमुळे मागच्यांना समोरचं काही दिसत नाही. मौन संपलं की उठून पळू नका. पहिला तास हमरस्त्यावर गाड्या हलतच नाहीत. संध्याकाळची प्रार्थना करून, जेवून निघालेला माणूस बऱ्याचदा आधी पळालेल्याच्या बरोबरीनेच घरी पोहोचतो. गोपालकाल्यापर्यंत थांबलात तर उत्तमच. एक दिवस हाताशी असेल तर महाराजांचं जन्मगाव यावली आणि त्यांचे गुरू आडकोजी महाराजांचं वरखेड ही दोन्ही गावं याच जिल्ह्यात आहेत.

जत्रेतून खंजेरी घ्यायची असेल तर दिवसाउजेडी घ्या. उजेडाकडे धरून कातडं आतून बघा. एखादा भाग फिकट आणि पातळ दिसला तर ती ठेवून द्या. कड्याला जोड असेल तर तिथे अंगठा दाबून बघा, करकर आवाज आला तर जोड सैल आहे. चकत्या खाचेत मोकळ्या हलल्या पाहिजेत, खिळा गंजलेला नको. मग मध्ये एक थाप आणि कडेला एक टिचकी. दोन्ही आवाज वेगळे, स्पष्ट आले पाहिजेत. घरी नेताना गाडीच्या डिक्कीत टाकू नका, बंद डिक्कीच्या उष्णतेने नवं कातडं रस्त्यातच फाटतं. सुती फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवा, आणि घरी भिंतीला टांगताना चुलीजवळची किंवा ओल येणारी भिंत टाळा.