उतार चुकला, गुन्हा ड्रायव्हरवर

माझं आजोळ धुळ्याचं. इंदूरहून बस एबी रोडनं, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गानं, मानपूरच्या पुढे निघाली की आई आमच्या गप्पा बंद करायची. "घाट उतरू द्या आधी," म्हणायची. गणेश घाट. माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरणारा लांबलचक उतार. भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबत येतो, ब्रेक तापतात, पकड सुटते आणि समोर जे असेल त्याच्यावर गाडी आदळते. वर्षानुवर्षं हेच चाललं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोनच शब्द: ब्रेक फेल.

2024 मध्ये तिथे कमी उताराचा नवा रस्ता सुरू झाला. बरं झालं, मनापासून सांगते. पण रस्ताच बदलावा लागला, म्हणजे आधीचा उतार धोक्याचा होता हे सरकारनंच मान्य केलं ना? मग त्या उतारावर गेलेल्यांचा जाब कोणी द्यायचा?

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198ए हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. किती? जास्तीत जास्त 1 लाख रुपये. तोही सरकारी निधीत जमा होतो, घरच्यांच्या हातात नाही. इकडे ड्रायव्हरला निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद. ड्रायव्हर चुकतो, मला मान्य आहे. पण दहा वेगवेगळे ड्रायव्हर एकाच वळणावर चुकत असतील तर पंचनामा वळणाचाही व्हायला हवा.

198ए मध्ये एक फार मोलाची गोष्ट आहे. या रस्त्यानं धोका होईल हे यंत्रणेला ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का, हे कोर्टानं पाहायचं असतं. आणि ठाऊक असतंच! महामार्गाच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत गंभीर किंवा प्राणघातक असे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसं गेली, की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. ही यादी सरकारच करतं. माझं म्हणणं एवढंच, की जागा यादीत आली त्या तारखेपासून "आम्हाला कल्पना नव्हती" हे उत्तर चालू नये, आणि भरपाई थेट वारसांना मिळावी.

तुमच्या घरात असा अपघात झाला असेल तर पोलिसांना लेखी द्या: रस्त्याचीही तपासणी करा, 198ए लावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.